मालगुजारी तलाव व ग्रामसहकार्य

पूर्व विदर्भातील भातशेतीच्या प्रदेशात गावोगावी बांधलेले मातीचे जुने तलाव आणि त्यांची देखभाल व पाणीवाटप यांतून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत निर्माण झालेली परस्परसाहाय्याची व्यवस्था. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारी नष्ट झाल्यानंतर त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणण्यात येऊ लागले व त्याचेच ‘मामा तलाव’ हे संक्षिप्त रूप शासकीय व्यवहारात रूढ झाले. तलावापेक्षा लहान साठ्यास या भागात ‘बोडी’ म्हणतात. तलाव हे पाटबंधाऱ्याचे साधन असले, तरी त्याचे कार्य तेवढ्यापुरते नाही. एकाच पाळीमागे साठलेल्या पाण्यावर गावातील सर्व घरांचे पीक, जनावरे, मासळी व विहिरी अवलंबून असल्याने कोणी काय करावे व कोणी काय करू नये, याचे नियम तलावाभोवतीच घडत गेले. गोंदिया जिल्ह्यातील ग्रामजीवनाचे बळ आणि त्याचे दौर्बल्य ही दोन्ही या तलावांच्या इतिहासातून स्पष्ट होतात.

भौगोलिक पार्श्वभूमी : गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यात गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव हे आठ तालुके आहेत. वैनगंगा व तिच्या बाघ, चुलबंद, गाढवी इ. उपनद्यांनी हा प्रदेश व्यापला असून त्याचा बराच भाग वनाच्छादित टेकड्यांचा आहे. वार्षिक पाऊस सरासरी सु. १,३०० मिमी. असतो, परंतु त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या काळातच पडतो. धान हे येथील मुख्य पीक. रोवणीच्या वेळी पाऊस लांबला, तर पऱ्हे वाळतात. आणि सप्टेंबरच्या अखेरीस तो अकाली गेला, तर ऐन निसवण्याच्या वेळी पीक हातचे जाते. म्हणजे एकूण पाऊस भरपूर असूनही एका पाण्यावाचून वर्ष बुडण्याचा धोका येथे नेहमी असतो. तलावांचे प्रयोजन हे एक पाणी राखून ठेवण्याचे आहे.

उगम व इतिहास : या तलावांच्या बांधणीचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजास दिले जाते. काशीच्या यात्रेस गेलेल्या गोंड राजाने तेथील उसाची शेती पाहून तिच्यात निपुण असलेली कुटुंबे आपल्या राज्यात आणून वसविली, अशी आख्यायिका आहे. जंगल तोडून गाव वसविणाऱ्यास जमीन देण्याची आणि तलाव बांधणाऱ्यास तलावाखालील जमिनीत विशेष हक्क देण्याची पद्धत चांद्याच्या गोंड राज्यात होती. अशा देणगीस ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर भागातील काही गावांच्या नावांत हा शब्द अद्याप टिकून आहे. कोहळ्यांप्रमाणेच पोवार समाजही भातशेती व तलावबांधणी यांतील कौशल्याबद्दल प्रसिद्ध होता.

गोंदिया जिल्ह्यातील या परंपरेचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध. हा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे मानले जाते. टेकड्यांमधील खिंडी मातीच्या बांधांनी अडवून सु. ११ चौ. किमी. क्षेत्राचा हा जलाशय निर्माण करण्यात आला. भोवतालच्या टेकड्यांना सात बहिणी मानतात व त्यांच्या साहाय्याने हे काम तडीस गेले, अशी लोकश्रद्धा आहे. पुढे कोलू पाटील कोलासुर या नावाने देवत्व पावला. तलाव बांधणारा माणूस गावाचा रक्षक देव ठरावा, यावरून त्या कामाकडे पाहण्याची लोकदृष्टी ध्यानात येते. सिरेगाव बांध हाही याच तालुक्यातील मोठा जुना तलाव आहे. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा व चोरखमारा हे मोठे तलाव मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सरकारी पाटबंधाऱ्यांच्या कामांत मोडतात.

नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर आणि मध्य प्रांताची निर्मिती (१८६१) झाल्यानंतर जमाबंदीमध्ये गावाच्या पाटलांना मालकी हक्क देण्यात आले व ते मालगुजार म्हणून ओळखले जाऊ लागले. तलावाची मालकी मालगुजाराकडे आली. मात्र त्याच्या पाण्यावरील व निस्तारावरील गावकऱ्यांचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदविले गेले. कोणत्या जमिनीस पाणी मिळावे, मासे कोणी धरावेत, सरपण व चराई कोठे असावी, हे त्यात लिहिलेले असे. रूढी लेखी झाल्यामुळे दुबळ्या शेतकऱ्यासही तिचा आधार घेता येऊ लागला.

रचना : मालगुजारी तलावाचे मुख्य अंग म्हणजे त्याची पाळ, झाडीबोलीत तिला ‘पार’ म्हणतात. ती मातीचीच असून थर देऊन, जनावरे फिरवून व माणसांच्या पायांनी तुडवून घट्ट केलेली असते. पाळीत पाणी सोडण्यासाठी ‘तुडूम’ हे दार असते. अतिरिक्त पाणी वाहून जाण्यासाठी एका कडेला सांडवा ठेवतात. तुडुमातून निघालेले पाणी नहरातून व पुढे एका बांधीतून दुसऱ्या बांधीत असे उताराने वाहत जाते. ते उपसावे लागत नाही. एका खोऱ्यात अनेक तलाव साखळीने बांधलेले असतात. वरच्या तलावाच्या सांडव्याचे व पाझराचे पाणी खालच्या तलावास मिळते. त्यामुळे वरच्या गावाने सांडवा अडविला, तर खालच्या गावाचा तलाव भरत नाही; आणि वरची पाळ फुटली, तर खालच्या पाळीही एकामागून एक धोक्यात येतात. शेजारधर्म येथे केवळ एका गावापुरता मर्यादित राहू शकत नाही.

देखभाल व गावाची सुरक्षितता : मातीची पाळ एकदा बांधून सोडून देता येत नाही. खेकडे व उंदीर तिच्यात बिळे पाडतात. वाळवी घर करते. पाळीवरील झाड तोडले, की त्याची मुळे कुजून आत पोकळ नळ्या तयार होतात. अशा छिद्रातून प्रथम थोडेसे पाणी पाझरते. ते स्वच्छ असेपर्यंत भय कमी असते. परंतु पाझर गढूळ झाला, की पाळीतील माती वाहून जात आहे असे समजावे लागते आणि मग पाळ फुटण्यास फार वेळ लागत नाही. म्हणून उन्हाळ्यात पाळीवर माती टाकणे, बिळे खणून ती चिकणमातीने बुजविणे, सांडवा व नहर मोकळे करणे, ही कामे पावसापूर्वी पार पाडावी लागतात. अतिवृष्टीच्या रात्री पाळीची पाहणी करणे आणि गळती आढळताच माती, गवत व दगड घेऊन धावणे, हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. पाळीखालीच गावाची घरे व बांध्या असल्यामुळे या पाहाऱ्याचा संबंध पिकाइतकाच जीविताशी असतो.

या कामांत सहभाग हा पाण्यावरील हक्काचा दुसरा भाग असतो. ज्याच्या बांधीला पाणी मिळते, त्याने श्रम द्यावेत. ज्याला श्रम देणे शक्य नाही, त्याने धान्य वा पैसा द्यावा, हे अशा व्यवस्थेचे सामान्य तत्त्व आहे. कर्तव्य टाळणाऱ्यास कोणी तुरुंगात टाकीत नाही. परंतु त्याच्या पाण्याची पाळी मागे पडू शकते आणि गावात त्याचा शब्द हलका होतो. रोज तोंडाला तोंड लागणाऱ्या समाजात हा दंड पुरेसा असतो.

पाणीवाटप : तलावाखालील जमिनीत पाळीजवळचा व टोकाचा असे दोन शेतकरी नेहमीच असतात. पाणी प्रथम जवळच्याच्या बांधीत शिरते. त्याने बांधी भरून घेऊन मुख फोडले नाही, तर टोकाचे पीक जळते. यास्तव पाणी कोणत्या दिवशी सोडावयाचे, कोणत्या क्रमाने फिरवावयाचे आणि टंचाईच्या वर्षी किती क्षेत्र भिजवावयाचे, हे एकत्र बसून ठरवावे लागते. पाणी कमी असताना प्रत्येकाच्या क्षेत्राचा थोडा थोडा भाग भिजविणे आणि काहींचे संपूर्ण क्षेत्र भिजविणे यांपैकी पहिला मार्ग गावाच्या ऐक्यास पोषक ठरतो. कारण त्यात तोटा सर्वांच्या वाट्यास येतो.

गाळाचा प्रश्नही असाच सामाईक आहे. दहा हेक्टर तलावात सरासरी ३० सेंमी. गाळ साचला, तर ३०,००० घ. मी. म्हणजे ३ कोटी लि. पाण्याची जागा नाहीशी होते. एका हेक्टरास ७·५ सेंमी. खोलीचे एक पाणी द्यावयाचे, तर ७५० घ. मी. पाणी लागते. वहनातील घट सोडून दिली, तर एवढ्या गाळाने ४० हेक्टर धानाचे अखेरचे पाणी गिळले, असा त्याचा अर्थ होतो. गाळ काढण्याचा लाभ सर्वांना मिळतो. म्हणूनच तो आपण एकट्याने काढावा असे कोणासही वाटत नाही. ही अडचण सामुदायिक निर्णयानेच दूर होते.

विषमता : या व्यवस्थेचे वर्णन करताना तिचा गौरव एकांगी होण्याचा संभव असतो. मालगुजारी काळातील पुष्कळसे श्रम स्वेच्छेचे नसून वेठीचे होते. पाळीवर माती वाहणारा भूमिहीन मजूर, तलावात मासेमारी व शिंगाड्यांचे उत्पादन करणारा ढीवर आणि रोवणी करणाऱ्या स्त्रिया यांचे श्रम तलावामागे उभे होते. परंतु पाण्याविषयीच्या निर्णयात त्यांना स्थान नव्हते. पाण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला असल्याने ज्यास जमीन नाही, त्यास त्या चर्चेत बसण्याचे कारणच मानले जात नसे. मालगुजाराचा धाक व गावाची एकजूट यांतील भेद बाहेरून पाहणाऱ्यास नेहमी दिसत नाही.

मालगुजारीचे निर्मूलन व ऱ्हास : मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या अधिनियमान्वये मालगुजारांचे मालकी हक्क नष्ट करण्यात आले व ३१ मार्च १९५१ पासून ते शासनाकडे आले. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला. तलावांपैकी मोठे पाटबंधारे खात्याकडे व लहान जिल्हा परिषदांकडे देण्यात आले. जमीनमालकीच्या दृष्टीने ही सुधारणा न्याय्य व आवश्यक होती. परंतु तलावाच्या बाबतीत एक पोकळी निर्माण झाली. ज्याच्या आज्ञेने दुरुस्ती होत असे तो मालगुजार गेला. ज्यांचे हित तलावात होते त्या गावकऱ्यांकडे अधिकार आला नाही. आणि ज्या कार्यालयाकडे अधिकार आला ते गावापासून दूर होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांविषयी तरतुदी कायम राहिल्या. त्यामुळे हक्कांची नोंद टिकली, पण हक्काबरोबरचे कर्तव्य शिथिल झाले. पाणी आपले, पाळ मात्र सरकारची, अशी समजूत बळावली. पाळी खचल्या, तुडुमे गळू लागली, तलावांत गाळ व बेशरम ही वनस्पती माजली. पुढे विहिरी व विजेचे पंप आल्यावर सधन शेतकऱ्याचे तलावावरील अवलंबन कमी झाले आणि दुरुस्तीची निकड ज्यांच्या शब्दास वजन होते त्यांनाच जाणवेनाशी झाली.

हितसंबंधांचा संघर्ष : ऱ्हासाबरोबर गावातील तंट्यांचे स्वरूपही बदलले. तलावाखालील शेतकऱ्यास धानासाठी पाणी सोडून हवे असते. मच्छीमारांना उन्हाळ्यापर्यंत तलावात काही साठा राहणे आवश्यक वाटते. तलावाच्या उघड्या पडणाऱ्या कडेवर अतिक्रमण करून पीक घेणाऱ्याला तर तलाव पूर्ण भरूच नये असे वाटते. सांडव्याची उंची कमी करण्याचे वा तुडूम उघडे ठेवण्याचे प्रकार अशाच हितसंबंधातून घडतात. हे तिघेही एकाच गावचे, पुष्कळदा एकाच आळीचे रहिवासी असतात. अतिक्रमण करणारा नेहमीच धनवान असतो असे नाही. कित्येकदा भूमिहीनास तेवढाच तुकडा उपलब्ध असतो. त्यामुळे केवळ कायद्याचा बडगा उगारून हा प्रश्न सुटत नाही. पाण्याची किमान पातळी किती ठेवावी, भरावाची रेषा कोठवर मानावी आणि जमीन सोडणाऱ्यास मासेमारीत वा अन्य कामात कोणता वाटा द्यावा, याचा करार गावानेच करावा लागतो.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न : मच्छीमार सहकारी संस्था हा या भागातील सहकाराचा एक महत्त्वाचा प्रकार आहे. ठेक्याने घेतलेल्या तलावात कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडण्यावर भर आल्यानंतर स्थानिक मासे व पाणवनस्पती यांकडे दुर्लक्ष झाले होते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढीवर समाजाचे पारंपरिक ज्ञान संकलित करून विशेषतः अर्जुनी मोरगाव तालुक्यात मच्छीमार संस्थांच्या सहकार्याने तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम केले. बेशरम मुळासकट उपटणे, उन्हाळ्यात तळ नांगरून स्थानिक पाणवनस्पती लावणे आणि स्थानिक माशांच्या जाती पुन्हा वाढविणे, ही त्यातील प्रमुख कामे होत. त्यांत स्त्रियांच्या गटांनी मोठा वाटा उचलला. पूर्वी बांधावरून पाहणाऱ्या स्त्रिया तलावाविषयी ग्रामसभेत बोलू लागल्या, हा या कामाचा मासळीइतकाच मोलाचा परिणाम म्हणावा लागेल.

शासकीय पातळीवर महाराष्ट्राने २००५ साली सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपविण्याविषयी कायदा केला व पाणीवापर संस्थांना मान्यता दिली. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान व २०१७ मधील ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना यांत तलावांचा गाळ काढण्यास चालना मिळाली. यंत्राने एका उन्हाळ्यात निघणारा गाळ मनुष्यबळाने काढावयास अनेक वर्षे लागतील, हे खरे. परंतु पाळीची चिकणमाती खरवडली जाणार नाही, काढलेला गाळ कोणाच्या शेतात जाईल आणि पुढील वर्षी पाळीची निगा कोण राखील, हे यंत्र ठरवीत नाही. जेथे ही उत्तरे गावाने आधी दिली, तेथेच खोदलेली खोली दीर्घकाळ उपयोगी पडते.

तलाव व बांध्या यांच्या आश्रयाने राहणारा सारस पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया परिसरातच उरला आहे. त्याचे घरटे भाताच्या बांधीत असते व ते राखावयाचे, तर शेतकऱ्यास थोडे पीक सोडावे लागते. स्थानिक स्वयंसेवक व शेतकरी यांनी घरट्यांवर ठेवलेली देखरेख हेही शेजारसहकार्याचे एक नवे रूप होय.

तंटानिवारण : गावातील वाद गावातच मिटविण्याच्या परंपरेस शासकीय चौकट देण्याचा प्रयत्न म्हणजे महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. महाराष्ट्र शासनाच्या गृहविभागाने ती १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू केली. ग्रामसभेने निवडलेली तंटामुक्त गाव समिती दिवाणी, महसुली व तडजोडयोग्य फौजदारी तंटे सामोपचाराने मिटविते आणि नवे तंटे उद्‌भवू नयेत म्हणून प्रयत्न करते. उत्तम काम करणाऱ्या गावांना शासनाने रोख पुरस्कार दिले. बांध, पाणी व वहिवाट यांविषयीचे वाद न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळतात. दोन घरांचे बोलणे बंद होते आणि पाळीवर माती टाकण्याच्या दिवशी ती दोन्ही घरे अनुपस्थित राहतात. म्हणून असे वाद लवकर मिटणे गावाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही इष्ट असते. मात्र गंभीर गुन्हा तडजोडीचा विषय होऊ शकत नाही. तसेच पुरस्कारासाठी दुबळ्या पक्षावर, विशेषतः स्त्री वा भूमिहीन यांच्यावर, गप्प बसण्याचे दडपण आले, तर त्यास तंटा मिटला असे म्हणता येत नाही. तक्रार करणारा निर्भयपणे बोलू शकतो, हे सुरक्षित गावाचे लक्षण आहे. तक्रारींची संख्या शून्य असणे हे नव्हे.

मनोरंजन व उत्सव यांचाही ग्रामसंबंधांवर परिणाम होतो. दिवाळीनंतर धानाच्या कापणीच्या सुमारास या जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार वा झाडीपट्टीतील नाटक होते, लेकी माहेरी येतात व शेजारच्या गावांचे लोक एकत्र जमतात. अशा भेटींतून जोडलेले संबंध टंचाईच्या वर्षी उपयोगी पडतात.

तुलना : पाण्याभोवती उभी राहिलेली अशी व्यवस्था केवळ पूर्व विदर्भापुरती नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील फड पद्धतीत लाभधारक शेतकरीच पिकांचे व पाण्याचे नियोजन करीत. तमिळनाडूत तलावाच्या सामुदायिक दुरुस्तीस ‘कुडिमरामत’ म्हणत. ब्रिटिशांनी १८५८ साली सक्तीच्या श्रमाचा कायदा करून ती रूढी हुकुमाखाली आणण्याचा यत्न केला. बाली बेटावरील भातशेतकऱ्यांची ‘सुबक’ संघटना आणि स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे दर गुरुवारी भरणारे शेतकऱ्यांचे जलन्यायालय ही प्रसिद्ध उदाहरणे होत. गोंदियाच्या शेजारील गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसंमतीने निर्णय घेण्याची पद्धत अवलंबिली आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. अमेरिकन विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम (१९३३–२०१२) यांनी जगभरातील अशा व्यवस्थांचा अभ्यास केला. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ज्यांना नियम पाळावयाचे त्यांचा नियम करण्यात सहभाग, परस्परांवर देखरेख, चुकीच्या प्रमाणात सौम्य ते कठोर असा दंड, वाद मिटविण्याची जवळची व स्वस्त सोय आणि शासनाची मान्यता, ही अशा व्यवस्था टिकण्याची कारणे त्यांनी दाखवून दिली. यांतील पहिल्या चार गोष्टी तलावाच्या गावांना अपरिचित नव्हत्या. परंतु पहिली सर्वांपर्यंत पोहोचलेली नव्हती.

मूल्यमापन : मालगुजारी तलावांच्या इतिहासातून असे दिसते, की शेजाऱ्यांमधील सहकार्य केवळ सद्‌भावनेवर टिकत नाही. त्यास सर्वांच्या हिताची एखादी मूर्त वस्तू, तिच्यावरील निश्चित हक्क आणि त्या हक्कास बांधलेले कर्तव्य यांची आवश्यकता असते. मालगुजारीत कर्तव्य होते, पण हक्क सर्वांना नव्हते. निर्मूलनानंतर हक्क उरले, पण कर्तव्याचा धनी उरला नाही. दोन्ही एकाच हाती, म्हणजे शेतकरी, मच्छीमार, भूमिहीन व स्त्रिया यांचा समावेश असलेल्या ग्रामसभेच्या हाती, येणे हा त्यातून निघणारा मार्ग आहे. पावसाचे दिवस कमी होऊन थोड्या वेळात मोठा पाऊस पडण्याचे प्रमाण वाढत असता जुन्या मातीच्या पाळींवरील ताण वाढणार आहे. त्या पाळींची मजबुती मातीवर जितकी अवलंबून आहे, तितकीच त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या शेजाऱ्यांवरही अवलंबून राहील.